गावाच्या आरोग्यासाठी भागीदार कोण निवडावा? कोल्हापूर जिल्ह्यातील ग्रामपंचायतींपुढच्या तीन मार्गांची तुलना

विकास आराखडा तयार करण्याचे दिवस आले की ‘यंदा आरोग्यासाठी काहीतरी करू’ यावर पंचायतीत सहज एकमत होते आणि ते ‘काहीतरी’ म्हणजे नेमके काय, यावर चर्चा अडते. कोणी रुग्णवाहिका सुचवतो, कोणी शहरातल्या मोठ्या रुग्णालयाचे शिबिर सुचवतो, कोणी ओपन जिमचा आग्रह धरतो. उपकेंद्रातली आरोग्यसेविका बहुधा त्याच सभेत मागच्या रांगेत बसलेली असते, पण तिला काय हवे आहे हे विचारायचे राहून जाते. हा आढावा अशा सभेत ज्यांना हात वर करून मत द्यायचे आहे त्या सरपंचांसाठी, सदस्यांसाठी आणि ग्रामसभेला नेमाने जाणाऱ्या गावकऱ्यांसाठी लिहिला आहे.

पंचायतीपुढे व्यवहारात तीन मार्ग असतात. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि आशा स्वयंसेविका यांच्या रूपाने गावात आधीच असलेल्या शासकीय यंत्रणेला समित्यांमार्फत जोडून घेणे, हा पहिला. धर्मादाय रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाशी करार करून त्यांचे डॉक्टर गावात आणणे, हा दुसरा. पंचायतीने स्वतःच्या पैशातून आरोग्याची सोय उभी करून स्वतः चालवणे, हा तिसरा. माझे मत असे आहे की या तिघांतून एकच निवडायचा आणि बाकीचे सोडून द्यायचे, असा हा प्रश्न नाही. एकदाच उपचार करून संपणाऱ्या दुखण्याला एक भागीदार लागतो, जन्मभर सांभाळाव्या लागणाऱ्या दुखण्याला दुसरा लागतो, आणि गटारातून किंवा नळातून येणाऱ्या आजारासाठी तर भागीदार शोधायला बाहेर जावेच लागत नाही. पैसा आणि लक्ष आधी कुठे घालायचे हे ठरवताना हा फरक नजरेआड झाला तर निधी खर्च होतो, छायाचित्रे निघतात आणि गाव होते तिथेच राहते.

आधी अधिकार कोणाचा ते पाहू. ७३ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत आलेल्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत पिण्याचे पाणी आहे, रुग्णालये व प्राथमिक आरोग्य केंद्रांसह आरोग्य व स्वच्छता आहे, कुटुंबकल्याण आणि महिला व बालविकासही आहे. केरळने १९९० च्या दशकात प्राथमिक आरोग्य केंद्रे थेट ग्रामपंचायतींकडे सोपवली. महाराष्ट्रात मात्र उपकेंद्रे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे आहेत. ग्रामीण रुग्णालये आणि उपजिल्हा रुग्णालये राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आहेत, आणि कोल्हापुरात ज्याच्याकडे सगळा जिल्हा धाव घेतो ते सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाच्या महाविद्यालयाशी जोडलेले आहे. याचा अर्थ असा की गावचा सरपंच वैद्यकीय अधिकाऱ्याला आदेश देऊ शकत नाही. तो त्याच्यासोबत बसू मात्र शकतो, आणि तेवढी तरतूद कायद्यात व योजनांत पुरेशी स्पष्ट आहे.

उपकेंद्राशी भागीदारी

सपाट भागात ५,००० आणि डोंगरी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, तर साधारण १,००० लोकसंख्येमागे एक आशा, हा राष्ट्रीय निकष आहे. २०१८ पासून यांतल्या उपकेंद्रांचे टप्प्याटप्प्याने आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर झाले, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले आणि अलीकडे त्यांच्या दारावर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ अशी पाटी लागली. पाटीपेक्षा आत काय बदलले ते महत्त्वाचे आहे. पूर्वी गरोदर माता आणि लसीकरण एवढ्यापुरत्या ओळखल्या जाणाऱ्या या जागी आता तिशीपुढच्या सर्वांचा रक्तदाब आणि साखर तपासणे, तोंडाच्या, स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी करणे, आणि ई-संजीवनीवरून दूरच्या डॉक्टरचा सल्ला मिळवून देणे ही कामे अपेक्षित आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांत उपचार निःशुल्क झाले आहेत, त्यामुळे केसपेपरच्या पैशाचे कारणही उरलेले नाही.

पंचायतीला इथे दोन समित्यांतून शिरकाव आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झाल्यानंतर गावोगावी ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समित्या नेमल्या गेल्या आणि त्यांच्यासाठी वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला, निधी ठरला. पुढे उपकेंद्राच्या पातळीवर जन आरोग्य समिती आली, जिचे अध्यक्षपद सरपंचांकडे आणि सचिवपद समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे असते. दहा हजार रुपयांत काय होणार, असा प्रश्न सदस्य विचारतात आणि तो रास्तही आहे. परंतु या समितीचे मोल तिच्या खात्यातल्या शिलकीत शोधू नये. गावाचे आरोग्य ज्यांच्या वह्यांत नोंदले आहे आणि गावाचा पैसा ज्यांच्या सहीने खर्च होतो, ती माणसे समोरासमोर बसण्याची हीच एक अधिकृत जागा आहे.

वह्यांचा विषय निघाला आहे, तर एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती पंचायतींच्या क्वचितच ध्यानात येते. गावातल्या जन्ममृत्यूची नोंद आरोग्य खाते ठेवत नाही. ती १९६९ च्या कायद्याप्रमाणे ग्रामसेवकाच्या, म्हणजे हल्लीच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या दप्तरात होते. त्या नोंदवहीशेजारी आशाची यादी ठेवून वर्षातून दोनदा वाचली, तर किती प्रसूती घरी झाल्या, पन्नाशीच्या आत किती माणसे गेली, मुलगे किती जन्मले आणि मुली किती, हे कोणत्याही सर्वेक्षणाशिवाय दिसते. शेवटचा प्रश्न कोल्हापूरने विसरू नये असा आहे. सहा वर्षांखालील बालकांमध्ये दर हजार मुलांमागे मुलींची संख्या या जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत ८३९ होती आणि २०११ मध्ये ८६३. म्हणजे सुधारणा झाली, पण समाधान मानावे इतकी नाही.

पंचायत उपकेंद्राला जे देऊ शकते ते बहुतांशी साधे असते. चोवीस तास पाणी असलेला नळ, चालू शौचालय, पावसाळ्यात चिखल न होणारी वाट, व्हीलचेअर चढेल असा उतार, आणि सेविकेला राहता येईल असे दुरुस्त निवासस्थान. रात्री गावात राहणारी सेविका आणि संध्याकाळच्या एसटीने परत जाणारी सेविका यांच्या उपयोगात किती अंतर असते, हे ज्या घरात अवेळी कळा सुरू झाल्या आहेत त्या घराला विचारावे. वेळेचा प्रश्नही असाच बसून सुटणारा आहे. शेतमजूर बाया सकाळी निघून जातात आणि दुपारी उघड्या असलेल्या दवाखान्याचा त्यांना उपयोग नसतो. उलट सकाळ-संध्याकाळ दूध संस्थेच्या दारात कॅन घेऊन निम्मे गाव उभे असते. आठवड्यातून एकदा तिथेच रक्तदाब मोजण्याचे टेबल लावता येते. त्यासाठी एक पैसा लागत नाही. लागते ती संस्थेच्या सचिवाची संमती आणि सरपंचाचा एक फोन.

क्षयरोगाचे उदाहरण या भागीदारीचे बळ आणि तिची खोड दोन्ही दाखवते. मार्च २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘टीबीमुक्त पंचायत’ उपक्रमात हजार लोकसंख्येमागे वर्षाला किमान ३० संशयितांची तपासणी, हजारी एक किंवा त्याहून कमी रुग्ण, किमान ८५ टक्के रुग्णांचा उपचार यशस्वी होणे, असे निकष आहेत आणि पात्र पंचायतीला पहिल्या वर्षी कांस्य, सलग दोन वर्षांना रौप्य व सलग तीन वर्षांना सुवर्ण रंगातील महात्मा गांधींची प्रतिमा दिली जाते. रुग्णाला पोषणासाठी दरमहा मिळणारी ५०० रुपयांची मदत नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाली आहे. तिच्या जोडीला निक्षय मित्र म्हणून गावातली सोसायटी किंवा मंडळ धान्याची पिशवी देऊ शकते. हे सगळे चांगलेच आहे. मात्र रुग्ण कमी असल्याबद्दल गौरव मिळू लागला की रुग्ण कमी सापडावेत असा मोह होतो, म्हणून प्रतिमेकडे पाहण्याआधी तपासण्या किती झाल्या याचा आकडा पंचायतीने मागावा.

या मार्गाचे दोष लपवण्याचे कारण नाही. पदे रिकामी राहतात, चांगला वैद्यकीय अधिकारी बदलून जातो, समितीची बैठक कधीकधी सह्यांपुरती होते. आशा ही पगारी कर्मचारी नसून कामानुसार मोबदला घेणारी स्वयंसेविका आहे. प्रत्येक नवा उपक्रम तिच्याच डोक्यावर ठेवण्याची सवय सगळ्या खात्यांना लागली आहे आणि पंचायतीने तीत आपली भर घालू नये.

रुग्णालयाशी करार

दुसऱ्या मार्गाचे आकर्षण उघड आहे. तज्ज्ञ डॉक्टर गावात येतात, ज्येष्ठांना प्रवास पडत नाही आणि पंचायतीला खर्च जवळपास शून्य येतो. धर्मादाय रुग्णालये हे काम केवळ दानधर्म म्हणून करत नाहीत. सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी ती आपल्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वर्ग करतात. वैद्यकीय महाविद्यालयांकडे आणखी एक दुवा आहे. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात आता कुटुंब दत्तक कार्यक्रम आहे, ज्यात विद्यार्थी काही कुटुंबांशी जोडला जातो आणि अभ्यासक्रमाच्या काळात त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करतो. महाविद्यालयाच्या सामाजिक वैद्यकशास्त्र विभागाला पंचायतीने पत्र लिहून आपले गाव सुचवणे हे एका दिवसाच्या शिबिरापेक्षा पुष्कळ शहाणपणाचे आहे, पण तसे पत्र लिहिणाऱ्या पंचायती थोड्या आणि शिबिराचा फलक छापणाऱ्या फार.

शिबिर कशासाठी उपयोगी पडते? मोतीबिंदूसाठी निश्चितच. गावात तपासणी, मग रुग्णालयाच्या गाडीने नेऊन तिथल्या शस्त्रक्रियागृहात शस्त्रक्रिया, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी, आणि ठरलेल्या तारखांना फेरतपासणी. काम संपते आणि माणूस पुन्हा सुईत दोरा ओवतो. हर्निया, चष्म्याचा नंबर, श्रवणयंत्र, कृत्रिम पाय यांचेही तसेच आहे. मधुमेहाचे मात्र उलटे आहे. शिबिरात साखर वाढलेली सापडते, पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळतात, त्या संपतात, आणि रुग्णाला वाटते की औषध झाले. पुढच्या शिबिरात तीच साखर नव्याने ‘सापडते’ आणि अहवालात लाभार्थ्यांची संख्या एकाने वाढते. हा डॉक्टरांचा दोष नाही. एका दिवसात येऊन जाणाऱ्याकडून जन्मभराची देखरेख मागण्यात चूक आपली असते.

म्हणून करार करताना एकच अट सर्वांत वर ठेवावी: शिबिरात तपासलेल्या प्रत्येक दीर्घकालीन रुग्णाची माहिती, त्याची संमती घेऊन, त्याच आठवड्यात समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे गेली पाहिजे आणि पुढची औषधे उपकेंद्रातून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून चालू राहिली पाहिजेत. शस्त्रक्रिया सुचवली तर ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का आणि बोलावणारे रुग्णालय त्या योजनेत आहे का, हे रुग्णाला गाडीत बसवण्यापूर्वी विचारावे. काही ठिकाणी मोफत तपासणी ही पैसे देणाऱ्या रुग्णांची भरती ठरते. पंचायतीच्या फलकावर विसंबून गेलेल्या माणसाला बिल आले तर तो पंचायतीच्याच दारात येतो आणि ते योग्यच आहे.

पंचायतीची स्वतःची सोय

रुग्णवाहिकेचा हिशेब सभेत मांडून पाहावा. गाडी एखाद्या देणगीदाराकडून किंवा लोकप्रतिनिधीच्या निधीतून मिळते, चालक मिळत नाही. चोवीस तासांच्या तीन पाळ्या आणि साप्ताहिक सुट्ट्या धरल्या तर चार चालक लागतात; शिवाय विमा, टायर, इंधन, प्राणवायू. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातील अनुदानात ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होता आणि उरलेल्या अबंधित वाट्यातूनही पगार व आस्थापनेवर खर्च करता येत नव्हता. म्हणजे चालकांचा पगार घरपट्टी-पाणीपट्टीतून काढावा लागतो आणि वसुली कमी झाली की गाडी शेडमध्ये उभी राहते. राज्यात २०१४ पासून १०८ ची सेवा आहे, मातांसाठी १०२ आहे. त्या सेवा गावात किती मिनिटांत पोहोचतात हे तपासून मगच स्वतःच्या गाडीचा विचार करावा. पंचायतीने मानधनावर डॉक्टर ठेवण्याचेही असेच आहे. तो गेला की दवाखाना बंद, आणि रुग्णांच्या नोंदी त्याच्यासोबत. व्यायामशाळा किंवा ओपन जिम वाईट नाही. तालमींच्या जिल्ह्यात तरुणांना अंगमेहनतीची गोडी लावणे अवघडही नाही, पण तिथे संध्याकाळी दिवा आणि बायकांना चालता येईल अशी वाट नसेल तर निम्मे गाव वगळले गेले, असे समजावे.

या मार्गातले खरे सोने दुसरीकडे आहे. ते म्हणजे पाणी, गटार आणि कचरा. इचलकरंजीत २०१२ च्या उन्हाळ्यात काविळीची मोठी साथ आली, माणसे दगावली. अशा साथीत डॉक्टर आपले काम करतातच, पण साथ थांबते ती नळाचे पाणी आणि सांडपाणी वेगळे केल्यावर, आणि ते काम दवाखान्याच्या आवारात होत नाही. त्याच शहरातले इंदिरा गांधी रुग्णालय एकेकाळी नगरपालिका चालवत होती. पुढे ते राज्य शासनाकडे हस्तांतरित झाले. वस्त्रोद्योगाच्या एवढ्या मोठ्या शहराच्या पालिकेला जे रुग्णालय स्वतःकडे ठेवता आले नाही, त्यातून लहान पंचायतींनी स्वतःच्या दवाखान्याबद्दल काय ते समजून घ्यावे.

पाण्याच्या बाबतीत भागीदारीची रचना आधीच तयार आहे, ती फक्त गंभीरपणे चालवायला हवी. जलसुरक्षक टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो आणि ओटी टेस्ट करून पाण्यात क्लोरीन उरले आहे का ते पाहतो. आरोग्यसेवक नमुने प्रयोगशाळेत पाठवतो. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर स्रोतांचे सर्वेक्षण होऊन पंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. यातली प्रत्येक पायरी कागदावर पार पाडता येते, आणि धोका नेमका तिथेच आहे. टीसीएलचे पोते उघडे राहिले की त्यातला क्लोरीन उडतो आणि २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर टाकणे म्हणजे चुना टाकणे. भारतीय मानकाप्रमाणे निर्जंतुक केलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवा, आणि तो टाकीजवळच्या घरात मोजून उपयोग नाही. वितरणाच्या शेवटच्या टोकाच्या घरातल्या नळाला मोजावा लागतो. बहुधा ते घर गावाच्या कडेच्या वस्तीतले असते. त्या घराच्या नळाची नोंद महिन्यातून एकदा जन आरोग्य समितीत वाचली जाणे, ही मला या सगळ्या आढाव्यातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक तरतूद वाटते.

डेंग्यूचेही मूळ पंचायतीच्या वेळापत्रकात सापडते. नळाला दोन-तीन दिवसांआड पाणी येते तिथे लोक पिंप, टाक्या आणि हौद भरून ठेवतात, आणि एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो. धुराची फवारणी दिसते, वास येतो, समाधान वाटते. पण ती फक्त उडत्या डासांवर चालते आणि अळ्या पिंपात सुखरूप राहतात. आशा आणि आरोग्यसेवक कंटेनर सर्व्हे, म्हणजे घरोघरच्या पाणीसाठ्यांची पाहणी, करून कोणत्या गल्लीत अळ्या जास्त सापडल्या ते सांगू शकतात. त्या गल्लीला पाणी नेमाने सोडणे, आठवड्याचा कोरडा दिवस पाळायला लावणे, डबक्यांत गप्पी मासे सोडणे ही कामे पंचायतीची.

समोरासमोर ठेवल्यावर

पैशाच्या बाजूने पाहिले तर रुग्णालयाचा करार सर्वांत स्वस्त, उपकेंद्राशी भागीदारी थोड्या पण नियमित खर्चाची, आणि स्वतःची सोय सर्वांत महाग. त्यातही उभारणीपेक्षा ती चालवण्याचा खर्च अंगावर येणारा. उत्तरदायित्वाच्या बाजूने क्रम बदलतो. नळाला क्लोरीन नसेल तर ग्रामसभेत सरपंचांना थेट जाब विचारता येतो. उपकेंद्र बंद असेल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यापर्यंत आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यापर्यंत लेखी जाता येते. पाहुणे रुग्णालय पुढच्या महिन्यात आले नाही तर विनंतीपलीकडे हातात काही नसते. टिकाऊपणाबाबत तिन्ही मार्ग कमीअधिक कच्चे आहेत. सरपंच पाच वर्षांनी बदलतो, वैद्यकीय अधिकारी त्याआधीच बदलतो आणि विश्वस्तांचा उत्साह कधी ओसरेल ते सांगता येत नाही. परंतु उपकेंद्राची इमारत, आशा आणि नोंदवही तिथेच राहतात.

वगळले कोण जाते, हा प्रश्न प्रत्येक मार्गाला वेगळा विचारावा लागतो. शिबिराला चालत येऊ शकणारे येतात. अंथरुणाला खिळलेला म्हातारा आणि घराबाहेर न पडणारी मनोरुग्ण मुलगी येत नाही. शासकीय यादीतून गळितहंगामात आलेली ऊसतोड कुटुंबे सुटतात, कारण त्यांचे नाव बीडच्या किंवा आणखी कुठल्या गावच्या यादीत असते आणि त्यांची गरोदर बाई इथे कोपीत राहत असते. कारखान्याकडून टोळ्यांची माहिती मागवणे पंचायतीला जमते, आशाला एकटीला जमत नाही. अंथरुणाला खिळलेल्यांच्या बाबतीत केरळच्या पंचायतींनी घरोघर जाणाऱ्या परिचारिकांची उपशामक सेवा उभी केली आहे. तेवढे आपल्याकडे लगेच होणार नाही, पण दिव्यांगांसाठी राखीव असलेला स्वउत्पन्नाचा ५ टक्के आणि महिला व बालकल्याणाचा १० टक्के हिस्सा दरवर्षी खुर्च्या आणि शिलाई यंत्रांवरच खर्च व्हावा असेही कुठे लिहिलेले नाही. पाण्याची नळाच्या बाजूची सुधारणा मात्र कोणाला वगळत नाही, कारण नळ यादी पाहून वाहत नाही.

गुप्ततेबद्दल एक इशारा द्यावासा वाटतो. भागीदारी म्हणजे रुग्णांची नावे सभेत वाचणे नव्हे. क्षय, एचआयव्ही, मानसिक आजार, गर्भपात यांची माहिती पंचायतीला संख्येत मिळावी, नावानिशी कधीही नाही. एचआयव्ही आणि मानसिक आरोग्य या दोन्हींसाठी २०१७ चे स्वतंत्र कायदे आहेत आणि दोन्हींत गोपनीयतेचे बंधन आहे.

गावागावांतील फरक

नदीकाठच्या गावांनी, विशेषतः शिरोळ, करवीर आणि हातकणंगले तालुक्यांतल्या, पहिला मार्ग पहिल्या दिवसापासून धरावा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला होता. अशा दिवसांत करारातले रुग्णालय कितीही नामांकित असले तरी त्याची गाडी गावात पोहोचत नाही. गावात उरते ती आशा, सेविका आणि त्यांच्याजवळचा औषधांचा साठा. पावसाळ्यापूर्वी समितीने तीन याद्या तयार ठेवाव्यात: जुलै-ऑगस्टमध्ये प्रसूतीची तारीख असलेल्या माता, डायलिसिसवर असलेले रुग्ण, आणि इन्सुलिन घेणारे. पाणी इशारा पातळीकडे जाऊ लागले की जनावरे हलवण्याची आपल्याकडे तयारी असते, तशीच या माणसांना आधी हलवण्याची असावी. पूर ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसची आणि अतिसाराची भीती असते. डॉक्सीसायक्लिन हे औषध कोणाला द्यायचे ते वैद्यकीय अधिकारी ठरवतो, पण कोणती गल्ली पाण्यात होती हे त्याला पंचायतच सांगू शकते.

गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, चंदगड या डोंगरी पट्ट्यात हिशेब निराळा आहे. वाड्या विखुरलेल्या, धनगरवाड्यांना रस्ता नाही, पावसाळ्यात घाट बंद होतात. इथे रुग्णवाहिकेबद्दलचे माझे वरचे मत मी सैल करतो. एकाच पंचायतीने नव्हे, तर खोऱ्यातल्या चार-पाच पंचायतींनी मिळून एक गाडी आणि तिचे चालक सांभाळले, तर खर्च पेलतो आणि वापरही होतो. सर्पदंशावरचे प्रतिविष जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे का, हे भातलावणीच्या आधी विचारून ठेवणे हे मात्र गाडीपेक्षाही आधीचे काम. चंदगडच्या लोकांना उपचारासाठी बेळगाव जवळ पडते, तेव्हा तिथल्या रुग्णालयांत आपल्या राज्याची योजना चालते का हे आधी लेखी विचारून घेतलेले बरे.

शहरालगतच्या, उचगाव किंवा पाचगावसारख्या गावांत पंचायतीचे उत्पन्न बरे असते, रुग्णालये हाकेच्या अंतरावर असतात, पण लोकसंख्या उपकेंद्राच्या निकषाच्या कितीतरी पुढे गेलेली असते आणि भाड्याने राहणारी कुटुंबे कोणाच्याच यादीत नसतात. इथे करार करायला हरकत नाही, पण पहिला खर्च भाडेकरूंसह घरांच्या फेरमोजणीवर आणि वाढीव आशांच्या मागणीवर व्हावा. खुद्द महापालिका हद्दीतल्या वाचकांसाठी एवढेच की तिथे हेच काम नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि वस्तीतल्या महिला आरोग्य समित्यांमार्फत चालते. आपल्या वस्तीत ती समिती आहे का, हा प्रश्न नगरसेवकाला विचारण्यासारखा आहे.

ठराव कसा असावा

वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. आराखड्याची चर्चा होते त्या सभेत आरोग्याचा ठराव मोघम शब्दांत करू नये. ग्रामसभेच्या शब्दाला वजन किती असते ते शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये दाखवले. विधवा प्रथा बंद करण्याचा त्या गावाचा ठराव राज्य शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतरांपुढे ठेवला. आरोग्याच्या ठरावात जन आरोग्य समितीच्या बैठकीचा ठरलेला दिवस असावा, शेवटच्या टोकाच्या नळाची नोंद कोण ठेवणार त्याच्या पदाचा उल्लेख असावा, उपकेंद्राच्या पाणी-वीज-वाटेची तरतूद रकमेसह असावी, आणि बाहेरच्या रुग्णालयाशी करार असल्यास त्याची मुदत, फेरतपासणीच्या तारखा आणि माहिती परत देण्याची अट असावी.

एका परिस्थितीत मात्र मी क्रम उलटा सांगेन. उपकेंद्रातले सेविकेचे आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचे अशी दोन्ही पदे रिकामी असतील आणि भरण्याची चिन्हे नसतील, तर गावाने थांबून राहू नये. रुग्णालयाशी करार आधी करावा, शिबिराऐवजी आठवड्याला एका ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळेची ओपीडी मागावी, ती उपकेंद्राच्याच इमारतीत भरवण्यासाठी जिल्हा परिषदेची लेखी परवानगी घ्यावी, आणि पदे भरण्याची मागणी दर तिमाहीला जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे पाठवत राहावी, म्हणजे माणूस रुजू होईल त्या दिवशी त्याच्या हाती रुग्णांच्या तयार नोंदी देता येतील.